छत्तीस हजार दोनदा मिळवले आणि शिष्यवृत्ती गेली

मंडळी, महाडीबीटीचे फॉर्म भरायचा हंगाम आला की आपल्या अंबरनाथ पश्चिमेत सायबर कॅफेसमोर फाइल घेतलेल्या मुलांची रांग लागते. त्या रांगेतली ही एक गोष्ट.

ओळखीतली एक मुलगी, अनुसूचित जातीची, बीकॉमला. वडील एमआयडीसीत ठेकेदाराकडे, पगार १६ हजार. आई पोळ्या लाटायला जाते, महिन्याला ३ हजार. वर्षाचे १ लाख ९२ हजार अधिक ३६ हजार, म्हणजे २ लाख २८ हजार. तहसीलदारांच्या दाखल्यावर कुटुंबाचं उत्पन्न म्हणून हाच आकडा. फॉर्म भरणाऱ्याने विचारलं, "आई काम करते का?" ती हो म्हणाली आणि त्याने ३६ हजार पुन्हा मिळवले. झाले २ लाख ६४ हजार!

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख. त्यावर गेलात की फ्रीशिप, म्हणजे फी माफ, पण निर्वाह भत्ता नाही. पोर्टलने तिला फ्रीशिप दाखवली, तिने तीच भरली. दाखला जुळेना म्हणून अर्ज परत आला. पण मेसेज गेला कॅफेवाल्याच्या मोबाइलवर, कारण फॉर्मात नंबर त्याचाच! मुदत संपली. रेल्वे पास आणि पुस्तकांचे पैसे शेवटी आईने उसने आणले.

आता काही जण म्हणतील, मुलीने बघायला नको का? बघायला हवंच. पण पहिल्यांदा फॉर्म भरणाऱ्या १८ वर्षांच्या पोरीवर सगळं ढकलून कसं चालेल? कॅफेवाल्याला वाटतं कॉलेज तपासेल, कॉलेजच्या क्लार्कला वाटतं समाजकल्याण खातं तपासेल. आणि तिथे चूक सापडेपर्यंत वेळ निघून जाते.

आम्ही पेपरवाले प्रूफ वाचताना एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, दुसरा छापलेला बघतो. कॉलेजांनी एवढंच करावं. अर्ज पुढे पाठवण्याआधी विद्यार्थ्याला समोर बसवा. तो दाखला वाचेल, क्लार्क स्क्रीन बघेल. नाव, उत्पन्न, दाखल्याची वैधता, मोबाइल नंबर. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि नोटीस बोर्डावर मर्यादा मराठीत लावा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला ८ लाख. व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना ८ लाखांपर्यंत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ. हे कित्येक घरांत अजून माहीत नाही.

पालकांनो, दाखल्यावरचा आकडा कुटुंबाचा असेल तर त्यात काही मिळवू नका. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. फॉर्मची प्रिंट घरी आणून एकदा वाचा.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर कमेंटमध्ये लिहा. आपण मिळून कॉलेजांना निवेदन देऊ.