इअरफोनची परीक्षा कानात व्हावी

खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रासाठी इअरफोन निवडताना आपले खरेदीदार किंमत आणि खोक्यावर छापलेला ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा यांचीच तुलना करीत बसतात. परंतु त्या मर्यादांमध्ये ध्वनीची पातळी किती डेसिबलनी वरखाली होते हे जोवर शेजारी नमूद केलेले नसते, तोवर त्या आकड्याला दाखला म्हणून काडीचे मोल नाही. तुलनेचा आरंभ कर्णनलिकेपासून व्हावयास हवा, असे माझे ठाम मत आहे.

२००१ साली आयपॉडसोबत आलेले पांढरे इअरफोन कानाच्या बाहेरच्या खळग्यात नुसते टेकत; नलिकेचे मुख बंद होत नसल्यामुळे खर्जाचे स्वर फटीतून निसटत आणि बाहेरचा कोलाहल त्याच वाटेने आत शिरे. याउलट, अमेरिकेतील एटिमोटिक रिसर्चने १९९१ साली आणलेला ईआर-४, ज्याचा ध्वनिकारक मूळ श्रवणयंत्रांतला आणि ज्याची तिहेरी कडांची टोपी नलिकेत खोलवर बसणारी, त्याने ही फटच बुजवली. मात्र टोपी कानाच्या मापाची नसेल, तर असल्या उंची इअरफोनमधूनही डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार क्षीण ऐकू येते. एकाच जिनसाविषयी दोन जाणत्या श्रोत्यांचे अभिप्राय परस्परविरुद्ध पडतात, त्याचे कारण पुष्कळदा इतकेच असते. शिवाय दोन इअरफोनपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच मनाला सरस वाटतो. यास्तव आवाज समान केल्यावाचून निवाडा देणे अन्यायाचे होय.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी उघड्या इअरफोनचा आवाज वाढवीत नेणाऱ्या तरुणांविषयी मला खरोखर चिंता वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्यात ४० तास ऐकणे निर्धोक. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलला अवघे पाच तास उरतात. घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे हळू आवाजातही गाणे स्पष्ट कळते. (रस्त्याने चालताना मात्र तो काढूनच ठेवावा, मागून येणारी मोटार ऐकू आलीच पाहिजे.)

दुकानदारांनी निरनिराळ्या मापांच्या टोप्या जवळ बाळगाव्यात, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी स्वच्छ टोपी चढवावी आणि पैसे घेण्यापूर्वी त्याला त्याच्या ओळखीचे एखादे गाणे निवांत ऐकण्याची मुभा द्यावी, एवढी माझी मागणी आहे.