शटर वर गेलं, पण धंदा?



आमच्या सॉफ्टवेअरच्या जगात नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. सर्व्हर चालू होणं वेगळं आणि काम चालू होणं वेगळं. स्क्रीनवर हिरवा दिवा लागलेला असतो, पण मागचा डेटाबेस अजून उठलेला नसतो, पेमेंटची यंत्रणा बंद असते आणि गिऱ्हाईक नुसतं गोल फिरणारं चक्र बघत बसलेलं असतं. दुसरी गोष्ट अशी की मोठा बिघाड निस्तरला की शांतपणे बसून आढावा लिहायचा. कोणाला शिव्या घालायच्या नाहीत. काय झालं, का झालं आणि पुढच्या वेळी काय हाताशी हवं, एवढंच लिहायचं.

कोरोनातल्या आपल्या बडोद्याच्या बाजाराचा असा आढावा आपण घराघरांत कधी घेतला का? मला तरी आठवत नाही. मास्क कुठल्या खणात टाकलाय तेही आता आठवत नाही. म्हणून या वेळच्या सदरात हा विषय घेतलाय.

आधी तारखा बघू. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. गुजरातमध्ये कंटेनमेंट झोनच्या बाहेरची दुकानं १९ मेपासून सम-विषम पद्धतीने उघडली, सकाळी ८ ते दुपारी ४. आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या भाषेत एकी-बेकी. आज एकीवाले, उद्या बेकीवाले. १ जूनला एकी-बेकी गेली आणि संध्याकाळी ७ पर्यंत दुकानं उघडी ठेवायची परवानगी आली. ८ जूनपासून हॉटेलं आणि देवळंही उघडली. कागदावर बघितलं तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाजार चालू झाला होता.

आता आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडे या. एकी-बेकी लागली तेव्हा त्यांच्या दुकानाचा नंबर विषम होता आणि ज्यांच्याकडून ते अस्तर, गुंड्या, दोरा घ्यायचे त्यांचा सम. काका उघडायचे त्या दिवशी माल मिळायचा नाही, आणि माल मिळायचा त्या दिवशी काका घरी. गर्दी निम्मी व्हावी हा नियमामागचा हेतू बरोबरच होता. पण एक दुकान दुसऱ्या दुकानावर उभं असतं, हे त्या आकड्यांत कुठे बसणार?

ती अडचण दोन आठवड्यांत सुटली. खरी अडचण पुढे होती. लग्नाला ५० माणसांची मर्यादा, म्हणजे ब्लाउज शिवायला कोण टाकणार? शाळा बंद, म्हणजे युनिफॉर्म नाहीत. त्या वर्षी सार्वजनिक गणपती नाही, गरबा नाही, म्हणजे चणिया-चोळी नाही. गुजरातमध्ये दहावी-बारावीचे वर्ग उघडले ते ११ जानेवारी २०२१ ला, आणि लहान मुलांच्या शाळा त्याच्याही पुढे. म्हणजे दुकान उघडलं १ जूनला, आणि गिऱ्हाईक उघडायला सात-आठ महिने लागले. मधल्या काळात दुकानाचं भाडं, कारागिराचा पगार आणि घरचा किराणा चालूच होता. शाळेची वर्दी मारणारे रिक्षावाले काका, कॉलेजच्या पोरांना डबे देणाऱ्या मावशी, सगळ्यांचं हेच झालं.

सरकारने मदत केली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. रेशनवर धान्य मिळालं. ते गुजरातमध्ये एपीएल-१ कार्डवाल्यांनाही मिळालं. आपल्यातल्या किती घरांना त्या रांगेत उभं राहायला संकोच वाटला, ते आपलं आपल्याला ठाऊक. मे २०२० मध्ये राज्याने आत्मनिर्भर गुजरात सहाय योजना काढली. छोटे दुकानदार, फेरीवाले, रिक्षावाले, प्लंबर, केशकर्तनवाले अशा लोकांना १ लाखापर्यंत कर्ज, मुदत ३ वर्षं. व्याज ८ टक्के, त्यातले ६ टक्के सरकार भरणार आणि आपण २. पहिले सहा महिने हप्ता नाही. हे पैसे नागरी सहकारी बँका, जिल्हा सहकारी बँका आणि पतसंस्था देणार होत्या. जूनमध्ये १४,००० कोटींचं पॅकेज आलं. त्यात दुकानांच्या मालमत्ता करात २० टक्के सूट आणि महिन्याला २०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या घरांना एकदा १०० युनिट माफ, अशा गोष्टी होत्या. केंद्राने फेरीवाल्यांना १०,००० रुपयांचं स्वनिधी कर्ज दिलं, आणि छोट्या उद्योगांना हमीवर जादा कर्ज दिलं.

मग अडलं कुठे? प्रत्येक मदतीला एक दार होतं आणि त्या दाराला एक कागद लागत होता.

मालमत्ता कराची सूट मालकाच्या बिलात आली. शिंपीकाका भाडेकरू. मालकाने ती सूट भाड्यात उतरवली तर त्याचा मोठेपणा. केंद्राचं हमीवालं कर्ज होतं आधीच्या बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के, म्हणजे ज्यांच्या नावावर आधीपासून कर्ज होतं त्यांच्यासाठी. काकांनी आयुष्यात कधी बँकेचं कर्ज घेतलं नव्हतं. आपल्या घरांमध्ये ही अभिमानाची गोष्ट. 'कोणाचं देणं नाही' असं आपण ताठ मानेने सांगतो. पण त्या वर्षी त्याचा अर्थ झाला, 'बँकेच्या वहीत मी नाहीच.' राज्याच्या योजनेसाठी काका फॉर्म घेऊन आले, तर बँकेने जामीनदार मागितले. उन्हाळ्यात सगळ्यांचेच पगार अर्धे झालेले. जामीन राहा म्हणून सांगायचं कोणाला?

आणि सगळ्यात अवघड गोष्ट त्यांची, ज्यांच्या धंद्याला शटरच नव्हतं. दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या काकू, घरी शिकवण्या घेणाऱ्या ताई, पुरणपोळ्या लाटून देणाऱ्या आजी. त्यांचा धंदा सरकारच्या कागदावर कधी बंद झाला नाही, कारण तो कागदावर चालूच नव्हता. त्यामुळे तो पुन्हा उघडायचा प्रश्नही कोणाला पडला नाही. आपल्या समाजात अशी घरं किती आहेत, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. बऱ्याच जणांच्या इंजिनीअरिंगच्या फिया याच चकल्यांतून भरल्या गेल्यात.

शेवटी शिंपीकाकांना तारलं ते दोन गोष्टींनी. माल देणाऱ्या गुजराती व्यापाऱ्याने दिवाळीपर्यंत उधार दिलं, आणि आमच्या सोसायटीतल्या दोघा निवृत्त आजोबांनी जामिनाच्या सह्या केल्या. त्यांनी काकांचा ताळेबंद बघितला नव्हता. तीस वर्षं हा माणूस सांगितलेल्या तारखेला कपडे देतो, एवढंच त्यांना माहीत होतं.

हे काही आपल्या गावाला नवीन नाही. १८८९ मध्ये याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. सहकारी संस्थांचा कायदा देशात आला १९०४ मध्ये, त्याच्या पंधरा वर्षं आधी. भारतातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतात. आपल्यातल्याच मध्यमवर्गीय माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि अडलेल्याला द्यायचे, असा साधा हिशोब होता. सावकाराकडे जायची वेळ येऊ नये म्हणून. पुढे तिची बँक झाली आणि आपल्या काळात ती बंदही पडली. बँक गेली म्हणजे कल्पना चुकीची होती असं नाही. २०२० मध्ये १ लाखाचं कर्ज वाटायला राज्याला परत सहकारी बँका आणि पतसंस्थाच आठवल्या, कारण गल्लीतला माणूस ओळखणारी तेवढीच एक यंत्रणा उरली होती.

आता आढाव्याचा शेवटचा भाग. पुढच्या वेळी काय हाताशी हवं? पुढची वेळ साथीचीच असेल असं नाही. २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी किती दुकानांत शिरलं ते आपण पाहिलंय.

पहिलं काम आपल्या पिढीचं. आपल्याला फॉर्म भरता येतात, ओटीपी कुठे टाकायचा ते कळतं. एक रविवार काढा आणि घरातल्या, शेजारच्या एका माणसाचा धंदा कागदावर आणा. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते आणि आधारवर होते. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे. घरगुती खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची साधी नोंदणी असते, तिची फी एका चकलीच्या पाकिटापेक्षा फार जास्त नाही. धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात येऊ द्या, म्हणजे उत्पन्न दाखवायची वेळ आली तर काहीतरी दाखवता येईल. काकू म्हणतील, 'अरे, एवढ्याशा चकल्यांना कसला आलाय कागद?' तरी करा. एक शब्द वापरायचा नाही, तो म्हणजे 'टाइमपास'. वीस वर्षं घर चालवणाऱ्या कामाला टाइमपास म्हणायची सवय आपल्यालाच आहे, आणि मग सरकारला तो धंदा दिसत नाही म्हणून आपणच कुरकुरतो.

दुसरं काम मंडळाचं. आपल्याकडे वधू-वरांची यादी आहे, देणगीदारांची यादी आहे. सभासदांमध्ये कोण काय करून विकतं, कोणाचं पोट रोजच्या गिऱ्हाइकावर आहे, याचीही यादी करायला हवी. बंद झालंच, तर पहिला फोन कोणाला लावायचा ते त्या यादीतून कळेल. आणि दिवाळीच्या ऑर्डरी कोणाला द्यायच्या, तेही.

शिंपीकाकांनी कर्ज फेडलं. महिन्याला साधारण ३,४०० रुपयांचा हप्ता, तीस हप्ते. मागच्या महिन्यात मी त्यांची उद्यम नोंदणी करून दिली. प्रमाणपत्राचं प्रिंट त्यांनी लॅमिनेट करून मशीनच्या वर लावलंय. तुम्ही कोणाची करून देताय, ते मला कळवा. पुढच्या अंकापर्यंत दहा जणांची झाली, तर हा आढावा कामी आला असं समजेन.