थंडीतील काचा आणि ऊन पाणी
शिकागोसारख्या शहरात, जेथे जानेवारीत पारा शून्याखाली 10 अंशांपर्यंत उतरला तरी कोणास नवल वाटत नाही, तेथेही दुकानांच्या दर्शनी काचा धुण्याचे काम हिवाळाभर चालूच असते. आणि बादलीत कढत पाणी घेतले की हे काम निर्वेध पार पडत असेल, ही पाहणाराच्या मनात सहज उद्भवणारी समजूत अर्धीच खरी आहे. ऊन पाण्याने ओशट मळ लवकर सुटतो व बोटे बधिर होत नाहीत, हा लाभ निर्विवाद. परंतु गारठलेल्या काचेवर पाण्याचा पातळ थर पसरताच त्यातील उष्णता काच शोषून घेते, आणि रबरी पट्टी वरून खाली येईतो कडेला हिमाची नाजूक जाळी धरू लागते. म्हणून जाणता कारागीर केवळ उष्णतेवर भिस्त न ठेवता पाण्यात थोडे अल्कोहोल मिसळतो, ज्यायोगे पाण्याचा गोठणबिंदूच खाली जातो. कढत पाणी तर वर्ज्यच मानावे, कारण काच ही उष्णतेची मंदवाहक असल्याने तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो, शेजारचा थंड भाग त्याला अटकाव करतो, आणि या ओढाताणीत कडेच्या एखाद्या सूक्ष्म टवक्यापासून तडा जाण्याची धास्ती असते. पदपथावर पडलेले ओघळही तत्काळ टिपावे लागतात. अन्यथा त्यांचा बर्फ होऊन एखादा पादचारी घसरायचा. कारागिराची बादली थंड पडली, की दुकानदाराने आपल्या नळाचे ऊन पाणी त्याला विनातक्रार भरू द्यावे.