विश्लेषण : ई-२० पेट्रोलसाठी जुन्या गाडीचे इंजिन ‘ट्यून’ करता येते का?

देशातील पंपांवर मिळणारे साधे पेट्रोल आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले, म्हणजेच ‘ई-२०’ असते. रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या मात्र या इंधनासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज घटल्याच्या आणि थंडीत गाडी लवकर सुरू होत नसल्याच्या तक्रारी वाढताच ‘ई-२० ट्यूनिंग’ करून देणारी गॅरेजेही पुढे आली. अशा ट्यूनिंगने इंजिनात नेमके काय बदलते, काय बदलू शकत नाही आणि त्याची किंमत कुणी मोजायची, याचा आढावा…

ई-२० इतक्या लवकर कसे आले?

सन २०१३-१४ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले होते. ते पुढे २०२५-२६ वर आणले गेले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणही साध्य झाले. वाहनांचे वेळापत्रक मात्र वेगळे होते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यानुसार ई-२० ला टिकणारे सुटे भाग असलेली वाहने एप्रिल २०२३ पासून आणि ई-२० साठी ट्यून केलेली वाहने एप्रिल २०२५ पासून येणे अपेक्षित होते. गाडी दहा-पंधरा वर्षे चालते, इंधन मात्र अडीच वर्षांत बदलले. आजच्या तक्रारींचे मूळ या अंतरात आहे.

इथेनॉलमुळे इंजिनात काय बदलते?

तीन गोष्टी बदलतात. पहिली, ऊर्जा. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत साधारण एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. दुसरी, हवेची गरज. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. ई-१० साठी हे प्रमाण सुमारे १४.१, तर ई-२० साठी १३.५ होते. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावे लागते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत हा फरक साधारण आठ टक्क्यांचा आहे. तो न साधल्यास मिश्रण ‘लीन’ होते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि इंधन कमी पडते. गाडी धक्के देते, पिकअप मरतो आणि इंजिन अधिक तापते.

तिसरी गोष्ट इथेनॉलच्या बाजूची आहे. त्याचा ऑक्टेन क्रमांक शंभरच्या पुढे असतो. ऑक्टेन जितका जास्त, तितके इंधन दाबाखाली अवेळी पेटण्याची, म्हणजेच इंजिन ‘नॉक’ होण्याची शक्यता कमी. पेट्रोलियम मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार पूर्वी ९१ असलेला साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ई-२० मुळे ९५ वर गेला आहे. शिवाय इथेनॉलचे बाष्प होताना ते बरीच उष्णता शोषून घेते. त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड होते, जे ताकदीसाठी चांगले. हिवाळ्यातल्या सकाळी मात्र हाच गुण गाडी सुरू होण्याच्या आड येतो.

गाडी स्वतःच जुळवून घेत नाही का?

फ्युएल इंजेक्शन असलेली गाडी बऱ्याच अंशी घेते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जळून आलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला हे मोजतो आणि इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. आठ टक्क्यांची दुरुस्ती सहसा त्याच्या आवाक्यात असते. मात्र इंजिन थंड असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ईसीयू मुख्यतः कारखान्यात भरलेल्या तक्त्यावर चालतो. त्यामुळे थंडीत सुरू करताना आणि घाट चढताना फरक अधिक जाणवतो. इंजेक्टरमध्ये कचरा किंवा सेन्सर थकलेला असेल, तर त्या दुरुस्तीची मर्यादा आधीच वापरली गेलेली असते आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागू शकतो.

कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकींना हे डोळेच नाहीत. बीएस-६ नियम एप्रिल २०२० मध्ये येईपर्यंत बहुतेक दुचाकी कार्ब्युरेटरवरच होत्या. त्यात इंधनाचे प्रमाण मेन जेटच्या छिद्रावर ठरते. आठ टक्के जास्त इंधनासाठी छिद्राचा व्यास सुमारे चार टक्के मोठा हवा. मेकॅनिक एक नंबर मोठा जेट घालतात तो यासाठीच. एअर स्क्रू फिरवून फक्त आयडलिंग सुधारते, वेगात धावतानाचे मिश्रण नाही.

‘ई-२० सुसंगत’ आणि ‘ई-२० ट्यून’ यात फरक काय?

सुसंगत म्हणजे गाडीचे भाग इथेनॉलमध्ये टिकतात. इथेनॉल काही प्रकारचे रबर फुगवते किंवा कडक करते आणि हवेतले पाणी ओढते. पाणी फार झाले, तर ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे साचते आणि तेथे गंज चढतो. म्हणून होज, सील, पंप व टाकीसाठी वेगळे साहित्य वापरावे लागते.

ट्यून म्हणजे इंधनाचे तक्ते, थंड सुरुवातीसाठीचे इंधन आणि स्पार्कची वेळ ई-२० नुसार बसवलेली असते. ऑक्टेन वाढल्याने स्पार्क थोडा लवकर देता येतो आणि तेवढ्याच इंधनातून अधिक काम मिळते. नव्याने इंजिन आखताना कॉम्प्रेशन रेशोही वाढवता येतो. अनेक गाड्यांतला नॉक सेन्सर धोका दिसला की स्पार्क मागे घेतो. मूळ तक्त्याच्या पुढे तो सहसा जात नाही. म्हणूनच वाढलेल्या ऑक्टेनचे पैसे जुन्या गाडीला फारसे वसूल होत नाहीत. एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ मधल्या अनेक गाड्या सुसंगत आहेत, पण पूर्ण ट्यून केलेल्या असतीलच असे नाही.

ॲव्हरेज नेमके किती घटते?

नीती आयोगाच्या आराखड्यातील अंदाजानुसार, शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या व ई-१० साठी ट्यून केलेल्या चारचाकींत घट ६ ते ७ टक्के आणि दुचाकींत ३ ते ४ टक्के असते. ई-१० साठी आखलेल्या व ई-२० साठी ट्यून केलेल्या चारचाकींत ती १ ते २ टक्क्यांवर येते. इंधनातल्या ऊर्जेचा हिशेबही हेच सांगतो: २० टक्क्यांचा एकतृतीयांश म्हणजे साडेसहा-सात टक्के. ज्यांची गाडी आधीच ई-१० वर होती त्यांना यातला निम्माच फरक नव्याने जाणवायला हवा. त्यामुळे ॲव्हरेज १५-२० टक्के पडले असेल, तर केवळ इथेनॉलला दोष देऊन चालणार नाही. प्लग, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि टायरमधली हवा आधी तपासावी.

सहा टक्केही कमी नाहीत. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी आणि लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी धरली, तर महिन्याला सव्वाचार लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरमागे १०४ रुपये धरल्यास हा खर्च सुमारे ४४० रुपये होतो.

गॅरेजमधले रीमॅपिंग करावे का?

रीमॅपिंग म्हणजे ईसीयूतले तक्ते बदलणे. त्याने थंड सुरुवात आणि पूर्ण ताकदीवरचे मिश्रण सुधारता येते, स्पार्क पुढे घेऊन थोडी कार्यक्षमताही परत मिळते. पण इंधनातली गेलेली ऊर्जा सॉफ्टवेअरने परत येत नाही, कॉम्प्रेशन रेशो इंजिनाच्या धातूतच ठरलेला असतो आणि रबराचे सीलही बदलत नाहीत. डायनोवर न तपासता पुढे घेतलेला स्पार्क पिस्टनलाही इजा करू शकतो. शिवाय वॉरंटी जाण्याचा आणि उत्सर्जनाची मर्यादा मोडण्याचा धोका आहेच. जुन्या गाडीसाठी अधिक शहाणपणाचा खर्च म्हणजे होज व सील ई-२० ला टिकणारे बसवणे, फ्युएल फिल्टर वेळेवर बदलणे आणि गाडी महिनोन्‌महिने टाकीत इंधन ठेवून उभी न करणे.

ब्राझीलने काय केले?

ब्राझीलचा इथेनॉल कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ पासून तेथील पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे. पण २००३ पासून तेथे ‘फ्लेक्स-फ्युएल’ गाड्या आल्या, ज्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे मिश्रण ओळखून स्वतः ट्यून होतात. थंडीत सुरू होण्यासाठी सुरुवातीच्या गाड्यांत पेट्रोलची छोटी वेगळी टाकीही असे. पंपावर इथेनॉल स्वतंत्रपणे मिळते आणि त्याचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते परवडते, हे तिथल्या वाहनचालकाला पाठ असते. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतील १८३ पंपांवर ‘इथेनॉल १००’ उपलब्ध करण्यात आले. मात्र त्यावर चालणारी वाहने मोजकीच आहेत.

मग भार कुणी उचलायचा?

ई-२० विरोधातील जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे शुद्ध पेट्रोलचा पर्याय परत येण्याची चिन्हे नाहीत. आयात तेलाची बचत आणि ऊस व मक्याला मिळालेली बाजारपेठ हे कार्यक्रमाचे लाभ खरे आहेत. पण ॲव्हरेजमधील घटीची भरपाई म्हणून ई-१० व ई-२० वर करसवलत द्यावी, हे इंधन साध्या पेट्रोलहून स्वस्त असावे, अशी शिफारस आराखड्यातच होती. ती मागे पडली. इथेनॉलच्या खरेदीचा सरासरी दर जुलै २०२५ अखेर लिटरला ७१.३२ रुपये होता, म्हणून दर उतरवता येत नाही, असे सरकार म्हणते. तसे असेल तर निदान दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. कोणत्या मॉडेलचे कोणते भाग बदलावे लागतील याची यादी कंपन्यांनी जाहीर करावी आणि जिथे शक्य आहे तिथे ई-२० चे अधिकृत सॉफ्टवेअर सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावे. ट्यूनिंग हे कारखान्याचे काम आहे. ते गल्लीतल्या गॅरेजवर आणि ग्राहकाच्या खिशावर ढकलले, तर इथेनॉलच्या फायद्यांवर विश्वास बसणे कठीण होईल. २० टक्क्यांच्या पुढचा टप्पा जाहीर करण्यापूर्वी हा हिशेब पूर्ण व्हायला हवा.