‘बोलेल हळूहळू’ म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर

दोन वर्षांचे मूल एकही शब्द बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, किंवा दीड वर्ष उलटले तरी पाऊल टाकत नाही. अशा मुलाच्या आईला आपल्या समाजात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘थांबा थोडे, बोलेल हळूहळू. त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ सल्ला देणारी माणसे मायेची असतात. सासू असते, शेजारीण असते, धर्मग्रामातील एखादे वडीलधारे असतात आणि, सांगावयास खेद होतो, कधी कधी डॉक्टरही असतात. त्यांच्या मायेविषयी आम्हांला शंका नाही. मात्र हा सल्ला चुकीचा आहे, त्यापायी मुलांची हाती असलेली वर्षे वाया जातात, आणि तो देणे आता थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही मुले उशिरा बोलतात आणि पुढे इतरांच्या बरोबरीला येतात, हे खरेच. पण कोणते मूल आपसूक बरोबरीला येईल आणि कोणते येणार नाही, हे आजीला नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. डॉक्टरलाही येत नाही. न बोलणाऱ्या मुलाचे आधी कान तपासावे लागतात. श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यात, बहिरेपणाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा दंडक जगभरच्या श्रवणतज्ज्ञांनी घालून दिला आहे. भाषा ऐकून घडते. ऐकण्याची पहिली वर्षे निःशब्द गेली, तर पुढे उत्तम यंत्र बसवूनही फार मोठे कष्ट पडतात. जी गोष्ट कानांची तीच अंगाची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला वेळीच व्यायाम आणि योग्य बैठक मिळाली नाही, तर स्नायू आखडत जातात, सांधे वाकडे होतात आणि मग शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते. घरोघरी अशा मुलाला हौसेने पांगुळगाडा आणून उभे करतात. ज्याची मान सावरलेली नाही, पाठ ताठ झालेली नाही, त्याला पांगुळगाडा काय चालवणार? आधी मान, मग पाठ, मग पाय, हा क्रम आहे. आणि तो कसा साधायचा हे शिकवणारी माणसे आज उपलब्ध आहेत.

उपलब्ध आहेत, पण कोठे? येथे आम्ही मुद्दाम साखऱ्याचे नाव घेतो. साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील एक गाव. वाचकांपैकी पुष्कळांनी ते ऐकलेही नसेल. मुंबई-पुण्यातून पाहिले तर महाराष्ट्रात या मुलांसाठी बरेच काही झाले आहे असे वाटते, आणि ते खोटे नाही. पुण्यात ‘कामायनी’ 1964 पासून आहे. मुंबईत मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी 1972 मध्ये केंद्र काढले. 2001 पासून ‘उम्मीद’ काम करीत आहे. पण मोजपट्टीचे दुसरे टोक सोयाबीन, तूर आणि हळदीच्या त्या मुलखात ठेवून पाहावे.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची रचना कागदावर उत्तम आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीतील प्रत्येक मूल वर्षातून दोनदा तपासावे; जे विकासात मागे पडलेले दिसेल ते जिल्ह्याच्या शीघ्र उपचार केंद्राकडे पाठवावे; तेथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असावेत. आमचा आक्षेप या योजनेच्या हेतूवर नाही, तिच्या दिशेवर आहे. थेरपी म्हणजे इंजेक्शन नव्हे, की एकदा टोचले आणि काम झाले. ती महिनोन्महिने, आठवड्यामागून आठवडे चालते, आणि रोज घरी करावी लागते. साखऱ्याची मजुरी करणारी आई चार वर्षांचे, अंगाने जड झालेले मूल कडेवर घेऊन एस.टी.ने सेनगाव आणि तेथून हिंगोली गाठते, तेव्हा तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. सोबत गेलेल्या नवऱ्याचाही बुडतो. अशा किती फेऱ्या तिने कराव्यात? दिवाळीनंतर मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. पथक गावी येते तेव्हा मूल कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत असते. पुढे कोणी विचारले, तर ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ हा शेरा मारणे फार सोपे असते.

मूल तज्ज्ञाकडे येऊ शकत नसेल तर तज्ज्ञतेने मुलाकडे जावे, हा विचार नवा नाही. आपल्याच महाराष्ट्रात तो रुजला. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, 1957 मध्ये काम कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा या बायांनी पालकांच्या नावाने बोटे मोडली नाहीत. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव त्यातून आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. आज देशभर जे नाव पाट्यांवर रंगवलेले आहे, त्याचा मूळ अर्थच आपण विसरलो आहोत! अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागात 1969 मध्ये सुरू झालेला ‘पोर्टेज’ प्रकल्पही हेच करतो. विखुरलेल्या घरांत प्रशिक्षित व्यक्ती आठवड्यातून एकदा जाते, मुलाला पुढे काय शिकवायचे ते आईबापांबरोबर ठरवते, कसे शिकवायचे ते करून दाखवते, आणि उरलेले दिवस आईबाप शिकवतात. भारतातही ही पद्धत वापरली गेली आहे. तिला इमारत लागत नाही.

आईबापांनी शिकवायचे म्हणजे काय, याविषयी भलतेच गैरसमज आहेत. त्यासाठी महागडी खेळणी नकोत. भाकरी थापताना समोर बसलेल्या मुलाला पिठाचा गोळा द्यावा, बोटे आपोआप कामाला लागतात. डब्यात घेवडा टाकणे आणि काढणे, झाकण लावणे, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलणे, हे सारे व्यायामच आहेत. ‘पाणी’ म्हणायला शिकवायचे तर तांब्या दाखवून क्षणभर थांबावे. मुलाने नजरेने, हाताने, एखाद्या आवाजाने मागितले की लगेच द्यावे आणि शब्द उच्चारावा. न मागता सगळे हातात आणून देणारी माया मुलाला मुके ठेवते. आणि गप्प बसावे म्हणून मोबाइल हाती देणारी सोयही तेच करते. मात्र हे सगळे नेमके कोणत्या मुलाला, कोणत्या क्रमाने, हे सांगणारे माणूस आठवड्यातून एकदा दारी आले पाहिजे. ते न देता ‘घरीच करून घ्या’ म्हणणे म्हणजे सगळा भार आईच्या डोक्यावर टाकून हात झटकणे होय.

आईच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. ग्रहणात तिने विळी हाती धरली, गरोदरपणी अमुक खाल्ले, तिच्या माहेरी कोणी तसे होते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांवरही दोष ठेवला नाही. तरीही तो प्रश्न आपल्या घराघरांत अजून विचारला जातो, आणि बहुधा एकट्या आईलाच विचारला जातो. वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्या भाविकांना आम्ही हसणार नाही. पण नोव्हेना संपेपर्यंत कानांची तपासणी पुढे ढकलणे, याला श्रद्धा म्हणावयास आम्ही तयार नाही. तसेच ऑटिझम ‘बरा’ करून देतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या दुकानदारीलाही उपचार म्हणावयास आम्ही तयार नाही.

आता बालवाडीकडे वळू. मिठू अलूर यांनी आपल्या संशोधनात दाखवून दिले, की 1975 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने, म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या बालयोजनेने, अपंग मुलांना प्रत्यक्षात बाहेरच ठेवले होते. त्यांच्या संस्थेने पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील अंगणवाड्यांत ही मुले इतरांबरोबर बसू शकतात हे करूनही दाखवले. केंद्र सरकारला दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर करावयास 2023 चा नोव्हेंबर उजाडला. चांगले झाले. पण पोषणाच्या नोंदी, आहारवाटप, लसीकरणाचे दिवस यांत बुडालेल्या, मानधनावर राबणाऱ्या सेविकेच्या हाती आणखी एक पुस्तिका ठेवल्याने मूल चालू लागत नाही. (शब्द बदलण्यात आपण मात्र तत्पर आहोत. ‘मतिमंद’चे ‘विशेष’ झाले, ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले, एस.टी.ची पायरी होती तेवढीच उंच आहे.)

कायद्याचीही येथे मोठी फट आहे. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदाही मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वर्षांसाठीच देतो. 2020 चे शैक्षणिक धोरण तीन ते सहा ही वर्षे शिक्षणाचा पाया मानते, पण हक्क म्हणून ती कोणत्याही मुलाला मिळालेली नाहीत. म्हणजे ज्या वयात शिकवण्याचा उपयोग सर्वांत अधिक, त्याच वयात मुलाला ‘घरी घेऊन जा, इतरांना त्रास होतो’ असे सांगता येते.

आणि हे सांगणाऱ्यांत आपल्याही बालवाड्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. त्या सवलतीचा आपण स्वायत्ततेसाठी आग्रह धरला, तो योग्यच होता. पण स्वायत्तता मिळाली ती कोणत्या मुलांसाठी वापरली? तीन वर्षांच्या बालकाला रंग ओळखायला लावून, नाव विचारून प्रवेश देणारी बालवाडी ज्याला नाव सांगता येत नाही त्याला पहिल्याच दिवशी गाळते. 2016 च्या कायद्याचे 16 वे कलम शासनमान्य शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभावाविना प्रवेश द्यावा म्हणते. ते कलम वाचून दाखवण्याची वेळ आपल्या संस्थांवर यावी, हेच आम्हांला लाजिरवाणे वाटते.

आमची मागणी मोठी नाही. धर्मग्रामाच्या प्रत्येक बालवाडीने येत्या जूनपासून प्रवेशाची तोंडी परीक्षा बंद करावी आणि प्रत्येक वर्गात अशा दोन मुलांना जागा ठेवावी. मराठवाड्यात काम करणाऱ्या धर्मभगिनींच्या संस्थांनी आपल्या एका तरी कार्यकर्तीला घरभेटीच्या पद्धतीचे प्रशिक्षण द्यावे, आणि तिच्या फेरीत साखऱ्यासारखी आडबाजूची गावे आधी घ्यावीत. तेथे कॅथलिक घर एकही नसले तरी. ज्या दिवशी हिंगोलीच्या केंद्रात जायचे असेल, त्या दिवसाचा आईचा रोज आणि दोघांचे भाडे गोरगरिबांसाठीच्या फंडातून द्यावे. आणि ज्या घरात दोन वर्षांचे मूल अजून बोलत नाही, त्या घरी या रविवारी मिस्सानंतर कोणी गेलेच, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणण्याऐवजी कानांची तपासणी कोठे होते तो पत्ता लिहून द्यावा, आणि जमल्यास सोबत जावे.