शेरा नसलेला नकार

चित्रावर कात्री चालते ती सरकारची, ही समजूत आणीबाणीने पक्की केली. १० डिसेंबर १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र आले : राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबमध्ये बसूनच वटहुकमांवर सही करीत आहेत. ते सेन्सॉरच्या तावडीतून सुटले. अबूंची इतर काही चित्रे सुटली नाहीत. अबू तेव्हा राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. तथापि, नकार कोणी दिला हे तेव्हा निदान उघड होते.

जेथे सरकारी सेन्सॉर नाही, तेथे काय घडते? ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २१ सप्टेंबर १९७० रोजी अग्रलेखाच्या पानासमोर मतमतांतरांचे पान सुरू केले आणि चित्राला लेखाची सजावट न मानता स्वतंत्र भाष्याचा दर्जा दिला. या पानाच्या कलासंपादक राहिलेल्या जेरेल क्राउस यांनी २००८ मध्ये पुस्तक लिहून न छापलेल्या चित्रांची हकिगत सांगितली. डेव्हिड लेव्हीन यांनी रेखाटलेले हेन्री किसिंजर यांचे चित्र त्यांतलेच. ते अडले संपादकांच्या दालनात.

जानेवारी २०२५ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अ‍ॅन टेल्नेस यांचे चित्र नाकारले. ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढे झुकणाऱ्या धनाढ्यांत पत्राचे मालक जेफ बेझोसही होते. याच विषयावर लेख येऊन गेला असून दुसराही येणार आहे, पुनरुक्ती नको, असे संपादकांनी सांगितले. टेल्नेस यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले.

निवड करणे हा संपादकाचा अधिकारच नव्हे, तर कर्तव्य आहे. प्रत्येक नकाराला गळचेपी म्हणता येणार नाही. चित्रातील तथ्य चुकीचे आहे, की ते निष्कारण एखाद्या समाजाला हिणवते, हे प्रश्न संपादनाचे. ‘यामुळे कोण नाराज होईल?’ हा प्रश्न आधी विचारला गेला, की संपादन संपते आणि सेन्सॉरशिप सुरू होते. सरकारी जाहिराती आणि मालकांचे अन्य उद्योग यांवर उभ्या असलेल्या आपल्या वृत्तपत्रसृष्टीत हा धोका अधिकच आहे.

मंत्रालयातल्या फाइलवर नकाराचा शेरा राहतो, त्याखाली सही असते, आणि आता माहितीच्या अधिकारात तो मागताही येतो. वृत्तपत्राच्या दालनातला नकार बहुधा तोंडी असतो. सत्तेला कागदोपत्री जाब विचारणाऱ्यांनी आपल्या नकाराचे कारण चित्रकाराला लेखी द्यावे, एवढी अपेक्षा गैर नाही. लिहून देता येत नाही असे कारण बहुधा सांगण्याजोगेही नसते.