ठेवीदाराची बाजू कोण मांडणार?

महाराष्ट्र राज्य सहकारी पतसंस्था फेडरेशन कोपरगावच्या काका कोयटे यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे सरकारदरबारी पतसंस्थांची बाजू मांडत आले आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचे वसुली दाखले वेळेत मिळावेत, ठेवींना संरक्षण असावे, या मागण्या रास्तच आहेत. दिवेलागणीला पिग्मी एजंट टपरीवर येतो, गल्ल्यातले शंभर रुपये घेऊन नोंद करतो. बँकेने दारात उभे केले नसते, अशा माणसाला याच साखळीतून कर्ज मिळते. अहिल्यानगर जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको.

पण याच जिल्ह्याने ४ ऑक्टोबर २०२३ ही तारीखही पाहिली. १९१० सालच्या नगर अर्बन बँकेचा परवाना त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने रद्द केला. तिथल्या ठेवीदाराला निदान ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचा आधार होता. पतसंस्थेतल्या ठेवीला ते केंद्रीय कवच नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पावती संचालकांच्या सचोटीवरच उभी असते.

म्हणून फेडरेशनने वसुलीच्या अधिकारांइतक्याच जोराने आणखी एक मागणी लावून धरावी. संचालक आणि त्यांच्या नातलगांकडची कर्जे, त्यांतली थकबाकी आणि लेखापरीक्षणाचा वर्ग प्रत्येक शाखेच्या दर्शनी भागात लावणे सक्तीचे व्हावे. चोख कारभार असलेल्या संस्थांना याची भीती नाही. येत्या सर्वसाधारण सभेत फेडरेशनने तसा ठराव करून सहकार आयुक्तांकडे पाठवावा.